दळणावरून केलेली यादी

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. यात जादू काही नाही, माझी पिठाची गिरणी आहे. गव्हाच्या डब्यात अचानक मेथ्या आणि सोयाबीन दिसायला लागले की त्या घरात कोणाची तरी साखर वाढली. नागली, म्हणजे नाचणी, येऊ लागली की एक तर घरात तान्हं बाळ आहे, नाहीतर दात गेलेलं म्हातारं माणूस. पाच किलोचं दळण दोन किलोवर आलं तर मुलगा-सून वेगळे राहायला गेले, आणि एक किलोवर आलं तर मी काही विचारत नाही, नुसतं जरा बारीक दळून देते. लोक म्हणतात, गिरणीवालीला नसत्या चौकशा फार. असतील. पण त्याच चौकशांचा गल्लीला एकदा असा उपयोग झाला की त्याची आठवण निघाली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं, आणि ते मी लपवत नाही.

गिरणी पंचवटीत, वाघाडीच्या काठाला उतरणाऱ्या गल्लीत आहे. कागदोपत्री वाघाडी ही नदी. आम्ही तिला नाला म्हणतो, आणि वर्षातले आठ महिने ती त्याच लायकीची असते. गल्लीच्या वरच्या टोकाला शाळा, खालच्या टोकाला माझी गिरणी, गिरणीच्या मागे माझी खोली आणि भिंतीला भिंत लागून अण्णा-काकूंच्या दोन खोल्या. यजमान गेल्यापासून आणि लेक लग्न होऊन देवळाली कॅम्पात गेल्यापासून माझं माहेर, सासर, सगळं हेच दोघं.

पाऊस लागला की नाशिकच्या माणसाला दोन गोष्टी सुचतात. एक भजी आणि दुसरी गंगेवर पूर बघायला जाणं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पुलावर छत्र्यांची दाटी, हातात भाजलेली कणसं आणि सगळ्यांची नजर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, ही आमची पूर मोजायची पट्टी. धरणातून किती पाणी सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण नाशिककराचा विश्वास मारुतीवर. ‘कमरेला लागलं नाही ना, मग झोपा निवांत,’ असं माझे सासरे म्हणायचे. पट्टी खोटी नाही. गंगेपुरती ती अगदी खरी आहे. पण आमच्या गल्लीत गंगा येत नाही, वाघाडी येते. गंगेचं पाणी धरणातून सांगून-सवरून येतं. वाघाडीला ना धरण ना भोंगा. वर दिंडोरी रोडच्या अंगाला तासभर ढग रिता झाला की ती थेट आमच्या उंबऱ्यावर, मग मारुतीचे पाय कोरडे का असेनात.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. एका दुपारी ते पाण्यात उभं राहून शिकले. धो धो पाऊस होता, धरणातून पाणी सोडलं अशी कोणीतरी आवई उठवली आणि गल्लीतली झाडून सगळी पुरुषमंडळी मारुती बघायला पुलावर गेली. इकडे नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं. शेजारून काकूंची हाक आली. ओरडण्यासारखी नव्हती, साखर मागायला हाक मारावी तशी होती. मी गेले तर खोलीत पोटरीभर पाणी आणि खाटेवर अण्णा.

अण्णांविषयी सांगायला हवं. ऐन उमेदीत हा माणूस रामकुंडावर बुडणाऱ्यांना काढायचा. कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, पर्वणीच्या गर्दीत आणि पुरात घाटावर उभं राहायचं आणि उडी टाकायची. त्यांनी काढलेल्या माणसांपैकी दोघं-तिघं अजून दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात. त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. गंगेतून माणसं ओढून आणणारा माणूस आता कूस बदलायलाही काकूंना हाक मारत होता.

पाणी खाटेच्या पट्ट्यांना लागलं तेव्हा काकूंनी त्यांची पाठ धरली, मी खांदे धरले, आणि आम्ही दोघी त्यांना तसंच बसतं धरून उभ्या राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. माझे हात बधिर झाले होते. अण्णा भिंतीकडे बघत होते. पाणी जसं आलं तसं उतरलं आणि मग आमचे शूर वीर पुलावरून परतले. ‘मारुतीच्या घोट्यालापण नाही,’ असं सांगत गल्लीतला रिक्षावाला आत आला. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस होतं. ते मी हिसकावलं आणि रस्त्यावर भिरकावलं. वर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या मे महिन्यात महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून एक तरुण इंजिनिअर बाई आली. पावसाळ्याआधी नाल्याकाठच्या वस्त्यांत फिरत होती. हातात घरांची यादी, कपाळावर घाम. आमच्या पुढाऱ्यांनी तिला चहा पाजला आणि आश्वासनं दिली. ती मात्र सारखी एकच विचारत होती, पाणी आलं तर कोणाला उचलून न्यावं लागेल? कोणाला सांगता येईना. ती टेकायला म्हणून गिरणीच्या पायरीवर आली आणि म्हणाली, “मावशी, माझ्या यादीत दारं आहेत, माणसं नाहीत.”

मी म्हटलं, “माणसं माझ्याकडे आहेत. लिहून घे.”

आणि समोर रांगेत लावलेल्या डब्यांवरून मी सांगत गेले. हा निळ्या झाकणाचा, नागली, आजी नव्वदीच्या आहेत, चालतात पण दिसत नाही. हा पितळी, गेल्या महिन्यापासून डिंकाच्या लाडवांसाठी जाडसर पीठ नेतात, बाळंतीण आहे. ही पिशवी, डबासुद्धा नाही, एकटे मास्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सात घरं निघाली. ती लिहिता लिहिता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून मी तिची लाडकी.

तिने शिकवलं आणि आम्ही केलं. नाल्याच्या मोरीवर ऑइलपेंटने दोन पट्टे मारले, खाली पिवळा, वर तांबडा. पिवळ्याला पाणी लागलं की धान्य, कागदपत्रं, औषधं माळ्यावर टाकायची. तांबड्याला लागलं की मेन स्विच बंद, गॅस बंद आणि माणसं शाळेत. काकूंनी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या पट्ट्यांना हळदकुंकू वाहिलं. हसणारे हसले, पण त्यानंतर त्या मोरीवर कोणी पिंक टाकली नाही. सूचनांची पत्रकं वाटायचं काम मी घेतलं. दारात टाकलेल्या पत्रकावर आमच्याकडे भजी काढून ठेवतात. मी ती प्रत्येक दळणाच्या डब्यात, पिठावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवली. पीठ काढायला बाईचा हात जातोच, आणि बाईने वाचलं की घराने वाचलं. ज्या सात घरांतल्यांना उचलायचं होतं, त्यांच्या डब्यांच्या झाकणाला, आणि मास्तरांच्या पिशवीला, मी तांबडी चिकटपट्टी लावली, पण आतल्या बाजूने. आजारपण चारचौघांत मिरवायची गोष्ट नाही.

सात घरांपैकी सहांनी मान डोलावली. सातवे अण्णा. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

“नाल्याला भिऊन पळू?” ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. “लहानपणी हिच्यात... खेकडे धरायचो. मारुतीच्या... कमरेला लागलं, तर बघू.”

“अण्णा, मागल्या खेपेला मारुती कोरडा होता आणि तुम्ही ओले.”

“मला चौघांनी उचलायचं... ते एकदाच,” एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. काकू पदराने हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने बाहेर नेलं आणि म्हणाल्या, “बाई, माझे हात आता पहिल्यासारखे नाही राहिले. पुढल्या टायमाला मला नाय धरवणार.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. काकूंच्याने अण्णांना धरवणार नव्हतं, आणि अण्णा खोली सोडणार नव्हते. पुढचं पाणी आलं तर त्या त्यांना धरून तिथेच उभ्या राहतील, शेवटपर्यंत, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. एक माणूस वाचवायचा नव्हता, दोन होते.

म्हणून मग मी तालीम ठेवली. खोटं कशाला बोलू, मुद्दाम अण्णांच्या खिडकीसमोर ठेवली. उचलायला चौघं नेमले होते. रिक्षावाला, शिंपी, दूध केंद्रवाला आणि एक व्यायामशाळेत जाणारा, ज्याचे दंड बघून मी त्याला घेतलं होतं. त्यांना सक्त ताकीद होती की पाऊस लागला की पूर बघायला जायचं नाही, गेलात तर वर्षभर तुमचं दळण बंद. माणूस म्हणून मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साठ किलोचं गव्हाचं पोतं बांधलं. चौघांनी ते उचललं, चार पावलं टाकली आणि पोतं पुढच्या पुढे तोंडावर आपटलं. दुसऱ्यांदा उचललं, ते डावीकडे गेलं. दंडवाल्याचा सगळा जोर दंडातच होता, डोक्यात काही पोचलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी खिडकीतून आवाज आला. “अरे ए... गव्हाचं पोतं हाय का माणूस?”

चौघं थिजले. अण्णांचा असा आवाज कित्येक महिन्यांत कोणी ऐकला नव्हता.

“मागं झुकवा खुर्ची. मागं. तोंड आभाळाकडं.” मग थांबून, श्वास घेऊन, “आत या. तिथून नाय समजणार.”

चौघं आत गेले. अण्णा सांगत होते, त्यांना जमत नव्हतं, आणि ज्याने आयुष्यभर एक काम उत्तम केलं त्याला ते समोर बिघडताना बघवत नाही. शेवटी ते चिडून म्हणाले, “मला बसवा. माझ्यावर शिका.” काकूंचं जुनं लुगडं छातीवरून खुर्चीला बांधायला लावलं. पुढचे दोघं उंचीने सारखे हवेत म्हणून शिंप्याला मागे घातलं. पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, जमिनीला घासत न्यायचं, गटाराचं उघडं झाकण आधी पायाला कळलं पाहिजे, हे त्यांनी डाव्या हाताने एकेकाच्या पोटरीवर चापट मारून शिकवलं. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर त्यांना शाळेपर्यंत नेलं आणि परत आणलं. मला धाकधूक होती की लोक कीव करतील. कोणी केली नाही. खुर्चीत बसलेला माणूस चौघांना शिव्या घालत होता आणि चौघं ‘हो अण्णा, हो अण्णा’ करत होते, त्यात कीव करायला जागा कुठे होती? त्या दिवसानंतर दर रविवारी तालीम व्हायची आणि रविवारी सकाळी अण्णा दाढी करून बसलेले असायचे.

तरी खरं पाणी आल्यावर ते काय करतील याची खात्री मला नव्हती. तालमीत उचलून घेणं निराळं आणि पळ काढायला उचलून घेणं निराळं. काकूंना मी विचारलं, तर म्हणाल्या, “त्यांचं त्यांनाच माहीत.”

ते पाणी श्रावणात आलं. दुपारची जेवणं झाली होती. वर काळंकुट्ट झालं आणि पाऊस असा कोसळला की समोरचा ओटा दिसेना. पिवळा पट्टा बुडाला तसा गल्लीत एकेक माळा भरू लागला. कोणाला ओरडून सांगावं लागलं नाही. बायका डबे वर चढवत होत्या, कोणी औषधांच्या पिशव्या गळ्यात बांधत होतं, आणि मी भर पावसात उभी राहून ते बघत होते. माझ्याच गल्लीचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. आम्ही नळावर भांडणारी माणसं, पण त्या दिवशी कवायत केल्यासारखे हलत होतो.

तांबडा पट्टा बुडाला तेव्हा चौघं अण्णांच्या दारात हजर होते. बाकीच्या सहा घरांतली माणसं शेजाऱ्यांच्या आधाराने शाळेच्या वाटेला लागली होती. तेवढ्यात एक शेजारी, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, ते छत्री धरून आले आणि मोबाईल दाखवत म्हणाले, “आत्ता पुलावरून फोटो आलाय. मारुती कोरडा आहे. म्हाताऱ्या माणसाला कशाला दगदग?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. चौघंही थांबले. उत्तर द्यायचा मान ज्यांचा होता ते खाटेवर होते. काकूंनी त्यांचा हात हातात धरला होता. पाणी उंबरा ओलांडून आत येत होतं. अण्णांनी त्या फोटोकडे नीट बघितलं. उभं आयुष्य त्यांनी त्या मारुतीच्या पायाशी काढलं होतं.

“मारुती गंगेचा,” ते म्हणाले. “हा नाला हाय. उचला.”

खुर्ची मागे झुकली, लुगडं आवळलं गेलं, आणि अण्णा आभाळाकडे तोंड करून गुडघाभर पाण्यातून निघाले. दंडवाला पाऊल घासत पुढे होता. काकू रिकाम्या हाताने मागून चालत होत्या. त्या रिकाम्या हातांकडे बघून मला रडू आलं. मी ते पावसावर ढकललं आणि गिरणीत शिरले.

आता इथे माझी हुशारी ऐका. गिरणीत लोकांचं दळण होतं. ज्यांनी विश्वासाने डबे टाकले त्यांचं पीठ भिजलं तर मी तोंड कसं दाखवणार? मेन स्विच बंद केला होता, तेवढं शहाणपण शाबूत होतं. एकेक डबा उचलून वरच्या फळीवर ठेवत सुटले. शेवटचा डबा ठेवून वळले तेव्हा पाणी मांडीला होतं आणि बाहेर गल्लीला अशी ओढ लागली होती की उंबऱ्याबाहेर पाय टाकायची छाती होईना. माझे दोन्ही गुडघे गेलेत. गिरणीच्या चौथऱ्यावर चढून बसले. हाक मारली, पण पावसात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. आणि मला कोणी शोधायला येणार नव्हतं, कारण यादीत मी नव्हते.

यादी कोणी केली? मी. कशावरून केली? डब्यांवरून. माझा डबाच नाही. गिरणीवालीचं दळण दुसऱ्या कोणाचं दळून झालं की त्याच्या मागून गिरणीच्या पेटीत पडतं आणि थेट परातीत निघतं. गल्लीतलं सगळ्यात खालचं घर, बाई एकटी, गुडघे निकामी. असा डबा दुसऱ्या कोणाचा असता तर मी पहिली तांबडी पट्टी त्याला लावली असती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि तो मी पाण्यात पाय सोडून अर्धा तास बघत बसले होते. भीती वाटली. इतकी की लेकीचा चेहराही आठवेना.

मग दारात दंडवाला दिसला. त्याच्या मागे तिघं आणि खुर्ची.

“अण्णांनी पाठवलं,” तो धापा टाकत म्हणाला. “शाळेत टेकवलं तसं मोजायला लागले. म्हणाले, एक कमी हाय. आम्ही म्हटलं, सात घरं पूर्ण झाली. तर म्हणाले, यादी नका सांगू मला, गिरणीवाली कुठंय? स्वतःच यायला निघाले होते, खुर्चीतून उतरायला तयार नव्हते. बळंच उतरवून खुर्ची आणलीय.”

“मी चालते,” मी म्हटलं. “मला नका उचलू. लोक बघतील.”

हे माझ्याच तोंडून आलं. रिक्षावाल्याने काकूंचं लुगडं माझ्या छातीवरून घेतलं आणि गाठ मारली. पाऊस तोंडावर घेत, आभाळाकडे बघत मी माझ्या गल्लीतून निघाले. चौघांची पावलं घासत चालली होती, खुर्ची एकदाही हलली नाही की तिचा झोक गेला नाही. मी ऐंशीच्या वर आहे, किलो म्हणते, वय नव्हे. लाज वाटली ती पहिल्या दहा पावलांपुरती. त्यानंतर वाटला तो निव्वळ अभिमान, त्या चौघांचा, आणि त्यांना घडवणाऱ्याचा.

शाळेच्या पहिल्या मजल्यावर अण्णा बाकावर काकूंना टेकून बसले होते, ओले, थकलेले. मला समोर ठेवल्यावर त्यांनी मला नखशिखान्त बघून घेतलं. काकू मला कानात म्हणाल्या, “घाटावरनं आले की आधी मोजायचे. मोजल्याबिगर कधी जेवले नाय.” अण्णांनी डावा हात वर केला. आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. या वेळी सुरुवात माझ्यापासून केली.